विहिरीची ओळ

"गाव कोणतं म्हणालास?" तात्यासाहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. सातारा जिल्हा, माण तालुका.

"गावात बिऱ्हाड कुठं तुमचं?"

मी दौतीचं झाकण लावत बसलो.

"अरे माळीआळी असेल, पाटीलआळी असेल, काय असेल ते सांग की. लाजतोस काय पोरीसारखा?"

"गावाबाहेर," मी म्हणालो. "ओढ्याच्या पलीकडं."

त्यांच्या हातात त्यांच्या नव्या घराचं खरेदीखत होतं. मी लिहिलेलं. दोन मिनिटांपूर्वी ते त्याच अक्षराचं कौतुक करत होते. "अण्णा, हा पोरगा कुठं मिळवलात हो? छापल्यासारखं लिहितो." आणि मी खुळा, मान खाली घालून हसत होतो. कोणी चांगलं म्हटलं की मला रडू यायचं तेव्हा. तसा तो दिवस चांगला चालला होता.

ओढ्याच्या पलीकडं म्हटल्यावर त्यांची बोटं उघडली. कागद ओटीवर पडला. मग त्यांनी धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. एकेक बोट. अंगठा सगळ्यात शेवटी.

"अण्णा, हे खत मी वास्तुशांतीला देवापुढं ठेवणार. हळदकुंकू वाहणार त्याला. आणि तुम्ही ते महाराकडून लिहून घेता? आधी सांगायचं तरी."

मी तिथंच बसलो होतो. दोन हातांच्या अंतरावर. माझ्याकडं न बघता ते बोलत होते.

"आणि मला कायदा शिकवू नका. पंचवीस वर्षं मुंबईत सरकारी नोकरी केलीय मी. कचेरीत ह्याला माझ्या शेजारी बसवा, बसेन. पण घर हे घर असतं."

अण्णांनी कायदा शिकवला नव्हता. अण्णा काहीच बोलले नव्हते. ते फक्त चष्मा काढून पुसत होते.

"मी दुसरा स्टँप आणतो. खत पुन्हा लिहा. तुमच्या हातानं."

"बरं," अण्णा म्हणाले.

एवढंच. बरं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. अलिबागच्या कोर्टावर झेंडा फडकत होता, तो अण्णांच्या ओटीवरून दिसायचा. मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो.

इथं कसा आलो ते सांगायला हवं. सहावीत बाप गेला आणि शाळा सुटली. गुरुजी आईला म्हणाले होते, पोराचा हात चांगलाय, शिकू दे. आई म्हणाली, हात चांगलाय तर कामाला लावते. तिचं चुकलं नव्हतं. घरात खाणारी चार तोंडं होती. मामा कुलाबा जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, त्याच्याबरोबर मी घाट उतरलो. आमच्याकडं नुसती कुसळं. इथं बघावं तिकडं माड आणि भात. वाटलं, ह्या देशात कोणी उपाशी राहत नसेल.

मामा वर्षभरात हिवतापानं खंगला आणि परत गेला. मी राहिलो. मुकादमाला लिहिता येत नव्हतं, त्याचा हजेरीपट मी लिहायचो. तो पट एकदा कंत्राटदाराच्या कसल्याशा कामात अण्णांच्या पुढ्यात गेला. अण्णा दस्तलेखक. घर, जमीन, वाडी, काहीही विकायचं-घ्यायचं असलं की लोक त्यांच्या ओटीवर यायचे. त्यांनी पट बघितला आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? मुकादमानं मला पुढं केलं. हातोड्यानं माझी बोटं फुटलेली. अण्णा बराच वेळ त्या बोटांकडं बघत राहिले. म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडं ये."

माझी जात त्यांना माहीत होती. त्यांनी एकदाच विचारलं आणि एकदाच सांगितलं. "आपण होऊन सांगायचं नाही. कोणी खोदून विचारलं तर खोटं बोलायचं नाही." मला ते फार मोठं वाटलं. आजही वाटतं, हे मी लपवत नाही.

ओटीवर झोपायला जागा मिळाली. मागच्या दाराशी दोन वेळा केळीच्या पानावर जेवण. माझा जर्मनच्या पत्र्याचा पेला परसातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, मीच घासायचो. त्याचं मला काही वाटत नव्हतं. पोटात भात होता, बसायला सावली होती. आईला पत्र पाठवायचो, देवमाणूस भेटलाय म्हणून. घरातली माणसं उठायच्या आत ओटी झाडून, दौती भरून बसायचो. रोज संध्याकाळी मनाशी आठवायचो, आज आपलं काही चुकलं तर नाही ना. अण्णा एखाद्या दिवशी कमी बोलले तर मला जेवण जायचं नाही.

काम मी मन लावून शिकलो. घराचं खत म्हणजे आधी कच्चा मसुदा. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण. मग मिळकतीचं वर्णन. कौलं किती, दारं किती, माड किती. चारी बाजूंना काय आहे ते. मग स्टँपवर स्वच्छ प्रत. ती विकणाऱ्याला वाचून दाखवायची. त्यानं कबूल म्हटलं की साक्षीदार घेऊन रजिस्टर कचेरीत जायचं. विकणाऱ्याला वाचता येत नसलं तर वाचून दाखवणं हे सगळ्यात मोठं काम. त्याचे डोळे त्या वेळेपुरते आपणच असतो. हे मला अण्णांनीच शिकवलं. म्हणाले होते, "सावकाश वाच. तो माणूस आयुष्यात एकदाच घर विकतो."

खताच्या शेवटी 'बिकलम' लिहून लिहिणाऱ्याचं नाव घालायची रीत होती. ह्याच्या कलमानं लिहिलं, असं. मी अक्षर काढायचो आणि बिकलमपुढं अण्णांचं नाव लिहायचो. शेकडो खतं तशी लिहिली असतील. माझं नाव तिथं यावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

आता जनाबायचं सांगतो, कारण घर तिचं होतं.

कोळीवाड्याच्या टोकाला, वाळूच्या वरच्या अंगाला तिच्या नवऱ्यानं बांधलेलं कौलारू घर. नवरा वारलेला. एक मुलगा, त्याची होडी खडकावर आपटून फुटली. नवी होडी पाहिजे तर घर विकायचं, दुसरं काही नव्हतं. मागं तिचीच जागा होती आणि तिथं जाळी ठेवायची एक खोपी होती. त्या खोपीत ती आणि मुलगा राहणार, आणि पुढचं घर तात्यासाहेब घेणार. त्यांना पेन्शनीत समुद्राची हवा पाहिजे होती.

पण विहीर पुढच्या जागेत होती. गोड्या पाण्याची. किनाऱ्याला हे सोपं नाही, दहा विहिरी खणल्या तर नऊ मचूळ निघतात. तिच्या सासऱ्यानं खणलेली ही एक गोडी निघाली होती.

मसुदा करायला ती ओटीवर आली तेव्हा पहिल्यांदा हेच बोलली. "लिव पोरा. मी घर इकतंय, पानी नाय इकत."

तात्यासाहेब समोरच बसले होते. हसले. "अहो पाणी भरा की. पाण्याला कोण नाही म्हणतंय?"

"मंग लिवू दे ना त्याला," ती म्हणाली. "तुमी देवमानूस. तुमच्या पाटी तुमची पोरं येतील. ती कशी आसतील ता तुमाला तरी काय म्हायती?"

तात्यासाहेब पुन्हा हसले. मी लिहिलं. सदर मिळकतीतील गोड्या पाण्याच्या विहिरीचे पाणी लिहून देणार जनाबाई व तिचे वारस यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरावे, त्यास लिहून घेणार अगर त्यांचे वारस यांनी हरकत करू नये. ही ओळ अण्णांनी सांगितलेली नव्हती. शब्द मी जुळवले होते. अण्णांनी वाचून मान हलवली. मला मनातून बरं वाटलं.

स्टँपवर प्रत झाल्यावर तिला सकाळी बोलावून मी सगळं खत वाचून दाखवलं. सावकाश. विहिरीपाशी आल्यावर तिनं हात वर केला. "ती ओल परत वाच." मी परत वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग म्हणाली, "हां. आता हो पुरं."

दुपारी तात्यासाहेब खत बघायला आले. पुढचं सांगितलंच आहे.

ते स्वतः जाऊन नवा स्टँप घेऊन आले. अण्णा चटईवर बसले. त्यांच्या हाताला कंप होता, म्हणून तर मला ठेवलं होतं. चष्म्यातून जुनं खत बघायचं, मग नव्यावर लिहायचं, त्यांना जमेना. दोन ओळींत घामाघूम झाले.

"तू वाच," ते म्हणाले. "मी लिहितो."

मी उठून जवळ सरकलो.

"तिथून नको," तात्यासाहेब म्हणाले. "खाली अंगणात उभा राहून वाच. ऐकू येतं."

मी जुनं खत उचललं आणि अंगणात उतरलो. ऊन होतं. पायात काही नव्हतं. मी माझंच अक्षर वाचत होतो आणि ओटीवर अण्णा ते उतरवून घेत होते. नवा कागद बाटू नये म्हणून. माझा आवाज चालत होता. हात चालत नव्हता. आवाजाला विटाळ कसा नाही हे मी आजवर कोणाला विचारलं नाही.

लोक रस्त्यानं जात होते. कोणी तरी थांबून बघितलंसुद्धा. मला एकच वाटत होतं, लवकर संपू दे. जमिनीत जागा नव्हती, नाही तर गेलो असतो.

घराचं वर्णन झालं. माड झाले. मी वाचलं, "सदर मिळकतीतील गोड्या पाण्याच्या विहिरीचे पाणी..."

तात्यासाहेबांनी तळहात दाखवला. "ते राहू दे. तोंडी ठरलंय की आमचं. घराच्या कागदाला असलं लोढणं कशाला?"

अण्णांचा टाक थांबला. त्यांनी तात्यासाहेबांकडं बघितलं. मग टाकाच्या टोकाकडं. मग माझ्याकडं. माझ्याकडं बघताना मला वाटलं, आता हे बोलतील. ह्यांनीच शिकवलंय सावकाश वाच म्हणून.

"पुढचं वाच," अण्णा म्हणाले.

मी पुढचं वाचलं.

इथं थांबतो. हे लिहिताना दर वेळी थांबतो. मला कोणी मारलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. मी त्या वेळी फक्त स्वतःच्या लाजेत बुडालो होतो. मला महार म्हटलं, मला अंगणात उभं केलं, माझ्या अक्षराला नाक मुरडलं, माझं, माझं, माझं. त्या लाजेत मला एका म्हातारीचं पाणी दिसलं नाही. ओळ तोंडातून गाळली. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

नवं खत तयार झालं. खाली बिकलम म्हणून अण्णांचं नाव, ह्या वेळी खरोखर त्यांच्याच हातचं. जुन्याचं काय करायचं, मी विचारलं. "बंबात घाल," अण्णा म्हणाले. मी माझ्या हातानं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापलं.

रजिस्टर कचेरीत जनाबाय स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. साहेब यायचा होता, तोवर माझी चेष्टा चालली होती.

"काय रं घाटी, जेवलास का? गाल बसलंत तुजं. आमच्याकरं आलास तर सुकं बोंबील घालीन. खातास का न्हाय? का नुसती भाकर आन् मिरची?"

बाकीच्या कोळणी हसल्या. मीही हसलो. मनाशी म्हणत होतो, सांग तिला. आत्ता सांग. मग बाहेर अण्णा उभे दिसायचे, छत्री टेकून, आणि ओटी दिसायची, केळीचं पान दिसायचं. ह्या गावात माझं दुसरं कोणी नव्हतं.

साहेबानं नाव पुकारलं. खत उलटसुलट करून बघितलं. जनाबायला विचारलं, "घर विकलंस?"

"व्हय."

"खत वाचून दाखवलं तुला?"

"व्हय तर. ह्या पोरानं." तिनं माझ्याकडं बोट केलं. "तीन डाव वाचून घेतला मी."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "तू वाचून दाखवलंस?"

कचेरीत पंखा नव्हता. तात्यासाहेब खिडकीतून बाहेर माडाकडं बघत होते, जसं काही त्यांचं इथं कामच नाही.

"हो साहेब," मी म्हणालो.

वाचून दाखवलं होतंच. दुसरा कागद. असं मी नंतर कित्येकदा स्वतःला सांगितलं. खोटं बोललो नाही, असं. पण ते खोटंच होतं.

तिचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला. सुकटीचा वास आला तिच्या हाताला. अंगठा पुसता पुसता मला म्हणाली, "तू हायस म्हून मना घोर न्हाय."

पुढं काय झालं ते कोणीही सांगेल. वास्तुशांत झाली. सगळा कोळीवाडा जेवायला होता, बाहेरच्या पंगतीत. खत देवापुढं होतं. तात्यासाहेबांनी दोन महिने पाणी भरू दिलं. मग एकदा म्हणाले, सकाळी नको, पूजेची वेळ असते. मग म्हणाले, मासळीच्या हातानं दोर धरता, पाणी नासतं. मग कुंपण झालं. मग विहिरीवर फळ्यांचं झाकण आलं आणि झाकणाला कुलूप.

जनाबाय अण्णांच्या ओटीवर आली. डोक्यावर हंडा तसाच, रिकामा. मागं तीन-चार बाया आणि तिचा मुलगा. मुलानं कचेरीतून खताची नक्कल काढून आणली होती. ती अण्णांशी बोललीच नाही. कागद माझ्यापुढं धरला.

"वाच पोरा. सगला वाच. इहीर कुठं हाय ती दाव त्यांना. त्यांचा कुलूप तोरते मी आज."

मी कागद हातात घेतला. विहीर त्यात नव्हती. ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

अण्णा आतून आले. "जनाबाई, कागदात जे नाही ते नाही. तुला वाचून दाखवलं होतं, तू साहेबापुढं कबूल केलंस. आता माझ्या दारात तमाशा कशाला?"

"वाचलावता त्यात इहीर होती!"

"नव्हती. विचार त्याला." अण्णा माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही. त्यांनी माझ्यावर कधीच आवाज चढवला नव्हता. "सांग तिला. वाचून दाखवलंस ना? हो म्हण आणि मोकळा हो."

सगळे माझ्याकडं बघत होते. मला भीतीच वाटत होती, धीर वगैरे काही नव्हता. फक्त त्या रिकाम्या हंड्याकडं बघून मला माझी आई दिसली. आमच्या गावात विहिरीवर आम्हाला चढायची बंदी. आई घागर लांब ठेवून उभी राहायची, कोणी वरून ओतील म्हणून. ओतलं तर ओतलं. एकदा दुपारपर्यंत उभी होती. मी तिच्या पदराला धरून. बाया येत होत्या, भरून जात होत्या. आई सगळ्यांना आक्का, माई, ताई म्हणत होती. आणि इथं मी, सहावीपर्यंत शिकलेला, हात चांगला असलेला, मी ह्या म्हातारीला तसंच उभं केलं होतं. माझ्या तोंडानं.

"नाही अण्णा," मी म्हणालो.

"काय नाही?"

"हा कागद मी तिला वाचून दाखवला नाही. जो वाचला त्यात विहीर होती. तो तुम्ही मला बंबात घालायला लावलात. मी घातला. साहेबापुढं मी खोटं बोललो."

जनाबायनं डोक्यावरचा हंडा खाली उतरवला.

"तुला मी ओटी दिली," अण्णा म्हणाले. अगदी हळू.

"होय."

"जेवू घातलं."

"होय."

"तुझी बोटं फुटलेली होती रे."

तिथं मला रडू आलं. आजही येतं. ते खोटं बोलत नव्हते. माझी बोटं फुटलेली होती आणि त्यांनीच मला उचललं होतं.

"तुमचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत," मी म्हणालो. "पण तिच्या पाण्यानं मी ते फेडणार नाही."

अण्णा आत गेले. थोड्या वेळानं आतून कोणी तरी माझा पेला आणि वळकटी अंगणात ठेवली. ठेवली म्हणतो, फेकली नाही. त्या घरात फेकाफेक नव्हती.

मी त्या दिवसापासून धक्क्यावर हमालीला जाऊ लागलो. जनाबायच्या मुलानं दावा लावला. वकील म्हणाले, नोंदलेला कागद विरुद्ध आहे, तुमच्याकडं काय आहे? मुलगा म्हणाला, हा आहे. वकिलांनी मला बजावलं. तू स्वतःच्या तोंडानं कबूल करणार की सरकारी कचेरीत खोटं बोललास. तुझ्यावरच खटला होईल. मी म्हणालो, होऊ दे.

निवेदन मी स्वतः लिहिलं. माझ्या अक्षरात. शेवटी माझं नाव, बापाचं नाव, गाव, आणि कोणी खोदून विचारलेलं नसताना जात. बिकलमपुढं पहिल्यांदा मी होतो. तेव्हा कळलं, नाव लिहायला किती थोडी जागा लागते.

कोर्टात अण्णांनी शपथेवर सांगितलं, खत एकच झालं. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांचा हात कठड्यावर थरथरत होता. मला उठून त्यांना पाणी द्यावंसं वाटलं, आणि त्यांनी माझ्या हातचं घेतलं नसतं, हेही लगेच आठवलं.

मग मी उभा राहिलो. तात्यासाहेबांच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे तू कचेरीत साहेबासमोर खोटं बोललास?"

"हो."

"मग आज खरं बोलतोस हे कशावरून?"

मागं कोणी तरी हसलं.

"त्या दिवशी मला राहायला ओटी होती," मी म्हणालो. "आज नाही."

न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. काही लिहिलं. मला वाटलं, पटलं. पटलंही असेल. पण दावा आम्ही हरलो. नोंदलेल्या कागदापुढं तोंडी बोलणं टिकत नाही, असा निकाल. माझ्यावर खटला झाला नाही. मी एवढासुद्धा मोठा नव्हतो.

निकालाच्या दिवशी मी आणि जनाबाय किनाऱ्यानं चालत कोळीवाड्याकडं निघालो. भरती ओसरत होती. मुलगा पुढं गेला होता. ती वाळूत बघत चालत होती. मग म्हणाली, "त्या टायमाला का रं न्हाय बोल्लास?"

भ्यालो, म्हणालो.

"सायबानं इचारला तवा बोलाचा व्हता. आज बोलून काय जाला?"

"काही नाही झालं."

"मना आता लांबचा मचूल पानी. ह्या वयात."

"होय."

आणखी थोडं चाललो. मग ती थांबली, कमरेवर हात ठेवून. माझ्याकडं बघितलं नाही, समुद्राकडं बघत बोलली. "एक सांगू? कोरटात तू तुजी जात सांगितलीस ना. मना आदी म्हायती न्हवती. म्हायती आस्ती तर मीपन तुला त्या इहिरीवर चरू दिला नस्ता. ता खरा."

लाट आली आणि गेली.

मी रागावलो नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मी रागावलो. त्या म्हातारीसाठी मी छप्पर घालवलं, अन्न घालवलं, आणि तिच्या विहिरीच्या काठावर माझी जागा तीच, माझ्या आईची. लांब उभं राहायची. पण ती खरं बोलली होती. एवढं खरं अण्णांनी मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यांनी गोड बोलून पेला वेगळा ठेवला, हिनं तोंडावर सांगितलं.

"माहीत आहे," मी म्हणालो. "तरी ती ओळ मी लिहिली होती. उद्या परत लिहीन."

तिनं डोळे पुसले का वाऱ्यानं उडालेला पदर सारखा केला, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. ती खोपीकडं वळली. मी सरळ गेलो.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. अण्णा गेले. जनाबाय गेली. तात्यासाहेब आहेत अजून, असं ऐकतो. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं ते माझ्याबद्दल आहे.

मी माणगावला असतो. बाजारात एक फळी मांडून बसतो, कागद लिहितो. अर्ज, खतं, वाटण्या. भाडं माझं मी देतो. पाटीवर माझं पूर्ण नाव आहे आणि खाली गाव आहे, आणि गावाबाहेरच्या वस्तीचं नावही आहे. ज्याला चालत नाही त्यानं ते वाचून पुढं जावं, मला खोदून विचारायची तसदी नको. पुष्कळ जातात पुढं. काही दिवशी चूल पेटत नाही.

कोणी दया म्हणून काम घेऊन येतं. "गरिबाला तेवढीच मदत," म्हणतं. मी उठून हात जोडतो आणि त्याला परत पाठवतो. बायको चिडते. म्हणते, एवढा माज कशाचा? मी तिला सांगत नाही, पण माज नाही हा. मी स्वतःला ओळखतो. मला कोणी जेवू घातलं की माझं तोंड बंद होतं. एकदा झालं होतं. त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच कोणी दिली.

म्हणून आता कोणाच्या उपकाराचा घास माझ्या पोटात जाणार नाही. उपाशी राहीन, पोरं रडली तर रडू देत. पण मी जे लिहिलं त्याला माझं नाव राहील, आणि जे वाचलं त्याला मी जबाबदार राहीन. भीती अजून वाटते. रोज वाटते. तिला घेऊनच मी सकाळी फळीवर जाऊन बसतो.